गुलाबी फुली

शनिवारचं प्रशिक्षण संपलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता. हॉलमधल्या हीटरने नेहमीप्रमाणे दगा दिला होता आणि वन्यप्राणी वाचवण्याच्या कामाला आलेले नवे स्वयंसेवक अंगावरची जाकिटं न काढताच चहा पीत बसले होते. नेव्हिलने प्रत्येकापुढे तीन वस्तू मांडल्या: टॉर्च, उशीचा जुना अभ्रा आणि गुलाबी रंगाचा फवारा. आज रात्री त्यांची रस्त्यावरची पहिली फेरी होती.

"हं, पाठ म्हणून दाखवा," तो म्हणाला. नेव्हिल चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण आवाज असा की मागच्या बाकावरचासुद्धा सरळ बसावा.

"रस्त्याकडेला मेलेला वॉम्बॅट किंवा कांगारू दिसला की थांबायचं," टेगन म्हणाली. "मादी असेल तर पोटाच्या पिशवीत हात घालून पिल्लू आहे का बघायचं. आई मेली तरी पिल्लू आत दोन-दोन दिवस जगतं. मग धूड बाजूला ओढायचं आणि त्यावर फुली मारायची."

"फुली कशाला?"

"मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. इथे बघून झालंय, तुम्ही थांबू नका."

"आधी हात की आधी फुली?"

"काय फरक पडतो?" कॅलम हसला. "दोन्ही केलं म्हणजे झालं ना!"

नेव्हिलने चहाचा मग खाली ठेवला.

"फरक काय पडतो ते लेस्टर पिकेटला विचार," तो म्हणाला. "नाहीतर मीच सांगतो. तो काही सांगायचा नाही."

लेस्टर म्हणजे नेव्हिलचा जुना सोबती, ही फुलीची पद्धत गावाला शिकवणारा. रस्तेदुरुस्तीच्या टोळीत दोघांनी बावीस वर्षं खडी पसरली होती. बायको गेल्यावर लेस्टरला उरली पेग, काळ्या रंगाची केल्पी जातीची कुत्री. मेंढ्या वळायला म्हणून आणली आणि त्याच्या पायाशीच राहिली. रोज संध्याकाळी दोघं घरापासून लाकडी पुलापर्यंत जायची आणि परत यायची. खडीचा रस्ता, दोन्हीकडे युकॅलिप्टस, मध्येच एक खोलगट उतार, तिथे फोनसुद्धा लागत नाही. वाटेत वॉम्बॅटचं, त्या ठेंगण्या अस्वलासारख्या प्राण्याचं, बीळ लागलं की पेग थांबायची, वास घ्यायची, पण आत तोंड घालायची नाही. कुठल्या झाडावर घुबड बसतं, कुठला वॉम्बॅट कधी बाहेर पडतो, हे दोघांनाही पाठ. लेस्टर चालताना तिच्याशी बोलत असायचा. माणसांशी त्याचं तेवढं बोलणं नव्हतं.

शेजारच्या वेस ट्रँटरशी तर अजिबातच नव्हतं. आदल्या वसंतात फाटक उघडं राहिलं आणि पेग वेसच्या व्यायला आलेल्या मेंढ्यांत शिरली. "पुन्हा दिसली तर गोळी घालीन," वेस म्हणाला होता. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. वेसची गाडी दिसली की लेस्टर पेगचा पट्टा आखडून धरायचा.

तो गुरुवार होता, तेरा जुलै, इकडचा ऐन हिवाळा. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. पावसात बर्फाचे कण मिसळले होते आणि लेस्टरला घाई होती, कारण दर गुरुवारी साडेसहाला पर्थहून नातवाचा फोन यायचा. उतारावर वॉम्बॅट पडला होता. ताजा. लेस्टरने पाय धरून त्याला कडेच्या चरात ओढलं. मादी होती. चिखल, रक्त, बोटं गारठलेली... त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. फवारा काढला. पाठीवर एक मोठी गुलाबी फुली मारली.

आणि पिशवीत हात घातलाच नाही.

"वीस सेकंदांचं काम," नेव्हिल म्हणाला. "शेकडो वेळा केलेलं. त्या दिवशी नाही केलं."

पेग मात्र चराशी जाऊन बसली. लेस्टरने हाक मारली, उठली नाही. ओढली, पाय रोवले. शेवटी त्याने पट्ट्याला धरून तिला फरफटत नेलं. सात वर्षांत पहिल्यांदा. फोन वेळेवर आला. नातू दात पडल्याचं सांगत होता आणि पेग दाराशी, नाक फटीला लावून, बसली होती. रात्री तिने खाल्लं नाही. सकाळीही नाही.

शुक्रवारी दिवसभर लेस्टर मनाची समजूत घालत होता. पिशवी रिकामीच असणार. असती भरलेली तर पोट फुगीर दिसलं असतं. पण पेग त्याच्याकडे बघत होती आणि त्याला तिच्या नजरेला नजर देववत नव्हती. संध्याकाळी साडेपाचला त्याने कोट चढवला, टॉर्च आणि अभ्रा घेतला. रंगाचा डबा शेडमध्येच राहिला. फुली तर मारून झालीच होती.

आकाश निरभ्र, चंद्र नाही. पेग पुढे धावत होती. उतारावर पोचताच ती चरात उतरली आणि कालच्याच जागी बसली.

लेस्टर मागोमाग उतरला, आणि चरातल्या पाण्याचा बर्फ झाला होता हे त्याला पाय सरकल्यावर कळलं. घोट्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. टॉर्च उडून रस्त्याखालच्या मोरीत गेला आणि विझला.

फोन काढला. सिग्नलची एक रेघ नाही.

कोपरांवर सरपटत वर जायचा प्रयत्न केला. दोन वेळा घसरला. तिसऱ्यांदा पालथाच पडून राहिला, वॉम्बॅटपासून हातभर अंतरावर. हरकत नाही, म्हणाला. या रस्त्यावर चरात काही पडलेलं दिसलं की गाड्या थांबतात. त्यानेच तर सगळ्यांना सवय लावली होती.

पहिली गाडी पावणेसातला आली. उजेड झाडांवरून खाली उतरला, त्याच्या पाठीवर आला. गाडी हळू झाली. लेस्टरने हात हलवला, ओरडला.

गाडी निघून गेली.

असेल कोणी परका, त्याने मनाशी म्हटलं. पेग त्याच्या अंगावर येऊन झोपली. थंडी आता हाडांत शिरत होती.

दुसऱ्या गाडीचा आवाज त्याने लांबूनच ओळखला. वेसची. फुटका सायलेन्सर. पेगसुद्धा उठून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उजेड आला... थांबला... अगदी त्याच्यावर थांबला. काचेमागे माणूस दिसत होता, वाकून बघत होता.

"वेस!" लेस्टर ओरडला. "अरे वेस, मी आहे!"

गिअर पडला. गाडी गेली.

तेव्हा लेस्टरला रडू आलं. रागाने आलं. मला बघितलंस, म्हणाला. बघून गेलास. मेंढ्यांपायी माणूस मरायला सोडलास! बराच वेळ तो वेसला शिव्या देत होता. मग शिव्या देण्याइतकंही अंगात त्राण उरलं नाही. थरथर थांबली होती, आणि थरथर थांबणं चांगलं नसतं हे त्याला माहीत होतं. पेग त्याचा कान चाटत होती. मी गेलो तर ही इथून हलणार नाही, त्याच्या मनात आलं. ही पण इथेच गोठेल.

मग पेग उठली.

वॉम्बॅटपाशी गेली. बसली. लेस्टरकडे बघितलं.

लेस्टरने हात लांब केला. गार, ताठर केस. पोटाकडे. वॉम्बॅटच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, ते बोटांनीच शोधलं. आत हात घातला...

ऊब होती.

आणि त्या उबेत काहीतरी हललं.

पिल्लू तळहाताएवढं होतं. केस नाहीत, डोळे मिटलेले. तोंड अजून आईच्या सडाला चिकटलेलं. खिशातल्या चाकूने, आंधळ्यासारखं चाचपत, त्याने ते सोडवलं, अभ्र्यात गुंडाळलं आणि कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवलं. "चुकलो गं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला, ते त्याने नेव्हिललाही कधी सांगितलं नाही.

पाच मिनिटंही झाली नसतील. फुटका सायलेन्सर परत आला. उजेड पडला. करकचून ब्रेक लागला आणि वेस धावत खाली उतरला.

"लेस्टर? अरे देवा! कधीपासून पडलायस इथे?"

"तुला माहीत नाही होय?" लेस्टरचे दात पुन्हा वाजायला लागले होते. "मघाशी बघून गेलास की!"

"मघाशी?" वेस त्याला काखेत हात घालून उचलत होता, तो थबकला. "मघाशी इथे दोन वॉम्बॅट पडले होते."

"दोन?"

"शेजारी शेजारी. एकाच्या पाठीवर भलीमोठी गुलाबी फुली. वर एक कोल्हा उभा होता, डोळे चमकत होते. मी थांबलो, बघितलं, म्हटलं, लेस्टर बघून गेलाय. फुली असली की थांबायचं नाही. तूच शिकवलंस ना लेका!"

वेसने लेस्टरला गाडीकडे वळवलं आणि पुढच्या दिव्यांचा उजेड त्याच्या पाठीवर पडला.

"अरे लेस्टर..."

"काय?"

"तुझ्या कोटावर..."

वेसने टॉर्च काढून मेलेल्या वॉम्बॅटवर मारला. पाठीवरून फिरवला, पोटावरून फिरवला. केस मळलेले होते, रक्ताने चिकटलेले होते. रंगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

हॉलमधला हीटर उगीचच एकदा खट् करून वाजला.

"आणि पिल्लू?" टेगनने विचारलं.

"चार दिवस जगलं," नेव्हिल म्हणाला. "पायाला प्लॅस्टर घालून दर तीन तासांनी दूध पाजत होता लेस्टर. रात्री कोटाच्या त्याच खिशात ठेवायचा, दुसरीकडे ते शांत राहायचं नाही. पाचव्या दिवशी सकाळी खिशात हात घातला तर... गार. जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, एक रात्र आधी मिळालं असतं तर वाचलं असतं. तिला काय माहीत ती कुणाशी बोलतेय. लेस्टर बिचारा नुसता मान हलवत राहिला."

"सोडा हो नेव्हिल!" कॅलमचं हसू जरा उशिराच आलं. "त्या वेसनेच मारली असेल फुली. जुना राग."

"लेस्टरलाही तोच संशय होता. महिनाभर. पण वेस तेव्हा गाडीतून उतरलाच नव्हता. उतरला असता तर पेगने सोडला असता का त्याला?"

"मग तुम्ही मारली. नव्या पोरांना घाबरवायला."

"असेल बाबा. म्हातारा माणूस, काय नेम!" नेव्हिलने दाराकडे हात केला. "तो कोट लेस्टर आता घालत नाही. जाळायला दिला होता मला, पण माझ्याच्याने होईना. गेल्या वर्षापासून तिथे टांगलाय. पेग इथे आली की त्याच्याखाली जाऊन बसते, हाक मारली तरी उठत नाही. लेस्टर हल्ली तिला ओढत नाही. तिचं होईपर्यंत उभा राहतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. दाराच्या फटीतून वारा येत होता आणि खुंटीवर एक जुना मेणकापडी कोट हलत होता. संध्याकाळपासून प्रत्येक जण त्याच्याजवळून आत-बाहेर गेला होता.

टेगन उठली. कोटाची पाठ भिंतीकडे होती, ती तिने फिरवली.

गुलाबी फुली. खांद्यापासून कमरेपर्यंत.

"बघितलीस? झालं तर मग," कॅलम म्हणाला. "चला, उशीर होतोय."

टेगन हलली नाही. तिने कोट पुन्हा सरळ केला, बटणं सोडली, आणि आतल्या खिशात मनगटापर्यंत हात घातला. खिसा रिकामा होता. बोटांनी तिने चारही कोपरे चाचपले. काही नव्हतं.

तरी तिने हात बाहेर काढला नाही.

"काय गं?" नेव्हिलने विचारलं.

दारातून येणाऱ्या वाऱ्याने कोटाची बाही बर्फासारखी गार पडली होती.

"नेव्हिल," ती हळूच म्हणाली, "हा खिसा आतून उबदार आहे."