मुळाशी दोन बोटं

माझं पार्लर आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. एक खुर्ची, एक आरसा, केस धुवायचं बेसिन आणि मागच्या खोलीच्या दारावर पडदा. पडद्याआड माझी मुलगी अभ्यास करते, म्हणजे करते असं ती म्हणते. एका जागी बूड टेकत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो.

केस सरळ करण्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. कुरळ्या केसांना क्रीम लावून एकदा सरळ केलं की तेवढे केस सरळच राहतात. पण मुळातून नवे येतात ते पुन्हा कुरळे. मग बायका घाईघाईने येतात, टच-अप करा म्हणून. ते क्रीम म्हणजे लोणी नव्हे. टाळू भाजते, केस मधूनच तुटतात. म्हणून मी प्रत्येकीला एकच सांगते, पुढचं टच-अप लांबवा. रात्री साटीनची टोपी घालून झोपा, अंबाडा सैल बांधा, गरम मशिन केसांजवळ आणू नका, आणि तीन-चार महिने मला तोंड दाखवू नका.

"गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणणारी तू एकटीच," नवरा म्हणतो.

लायब्ररीतल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा केस आधीच सरळ होते, दुसऱ्या कुणीतरी केलेले. पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसतात, तशाच माझ्या खुर्चीत बसल्या, ताठ, हात मांडीवर. मी टोकदार शेपटीच्या कंगव्याने भांग पाडला. मुळापासून टोकापर्यंत एकसारखे सरळ.

"हे तर परवाच केलेत," मी म्हणाले.

"नाही हो ताई. खूप महिने झाले."

थाप, असं मी मनात म्हटलं. वय आणि केस या दोन बाबतींत बायका देवालाही खरं सांगत नाहीत. त्यांना लांबवायचे सगळे उपाय सांगितले आणि पाठवून दिलं.

चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, वाढलंय का काही?"

"अजिबात नाही! याला म्हणतात लांबवणं."

मला वाटलं खूश होतील. आरशात पाहिलं तर त्यांचा चेहरा पडला होता.

पुढच्या वेळीही तेच. त्या विचारायच्या, मी भांग पाडायची, मुळाशी काहीच नसायचं. केस काळे, गुळगुळीत, हाताला गार. एकदा त्यांच्या करंगळीच्या नखाकडे लक्ष गेलं. लाल रंगाचा टवका नखाच्या मधोमध उडाला होता. गेल्या खेपेलाही तो तिथेच होता. नख वाढलं की टवका पुढे सरकायला हवा. रंग पुन्हा लावला असेल आणि पुन्हा उडाला असेल, असं मी स्वतःला समजावलं. मला उगाच भलत्या गोष्टी मनात आणायची सवय नाही.

त्याच दिवशी भिंगरी पडद्यातून डोकावली. तिचे केस तपकिरी, मऊ, स्प्रिंगसारखे कुरळे. बाई आरशातून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"हिचे वाढतात का भराभर?"

"विचारू नका. झिपऱ्या सारख्या डोळ्यांवर येतात, सारखी कात्री लावावी लागते."

"नशीब आहे," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर खुंटीवर टोपी दिसली. मीच सांगितलं म्हणून त्यांनी घरी शिवलेली, गडद लाल साटीनची. मी फोन केला तर म्हणाल्या, "राहू दे. मुलीला होईल."

दुसऱ्याची टोपी मी तशी कधी वापरत नाही. गरम पाण्यात साबण घालून धुतली, उन्हात वाळवली. भिंगरीला ती इतकी आवडली की डोक्यावरून काढेना. सकाळी केसांत एकही गुंता नव्हता. एरवी आमच्याकडे सकाळी कंगवा हातात घेतला की आधी रडारड आणि मग शाळा. त्या सकाळी दोघी हसत निघालो. मग ती टोपी रोजचीच झाली.

त्यानंतर बाई बरेच दिवस फिरकल्या नाहीत. भिंगरीच्या झिपऱ्यांना कात्री लावायची वेळ आली नाही, ते माझ्या लक्षातच आलं नाही. शाळेचे बूट नव्या वर्गातही नीट बसले, तेव्हा तर मला आनंदच झाला. वरचा पुढचा दात पडला होता, त्या जागी नुसती गुलाबी हिरडी राहिली.

दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीने तिची उंची मांडतो. नवऱ्याने तिला उभं केलं आणि नवी रेघ जुन्या रेघेवरच आली. "हलू नकोस गं," तो म्हणाला आणि पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच.

"काही मुलं उशिरा वाढतात," डॉक्टर म्हणाले. मी मात्र दर रविवारी तिला चौकटीला उभं करायला लागले.

एका दुपारी लायब्ररीतल्या बाई आल्या. गाल भरले होते. खुर्चीत बसल्या त्याही ऐसपैस.

"ताई, वाढलंय का काही?"

मी भांग पाडला. मुळाशी चांगली दोन बोटं नवे केस आले होते. बाईंच्या डोळ्यांना धार लागली, त्या हसतही होत्या. "करा आता टच-अप. किती वाट पाहिली मी."

मी हातमोजे चढवले. कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलीन लावलं. नव्या केसांवर क्रीमचा पहिला पट्टा ओढताना मला ते केस नीट दिसले. तपकिरी. मऊ. स्प्रिंगसारखे.

पडद्याआडून भिंगरी म्हणाली, "आई, डोकं चरचरतंय."

माझा हात थांबला.

"आई! भाजतंय गं!"

मी बाईंचं डोकं बेसिनमध्ये जवळजवळ ढकललं. पाणी सोडलं, शाम्पू ओतला, पुन्हा पाणी. पडद्याआडचं रडणं हळूहळू थांबलं. मी धावत आत गेले. भिंगरीच्या डोक्याला त्या क्रीमचा वास येत होता. भांगाजवळ एक पट्टा लालबुंद झाला होता.

टोपी उचलून मी बाहेर आले. बाईंसमोर धरली.

"ही घेऊन जा. घाला तुम्ही. पाया पडते तुमच्या."

त्यांनी घालून पाहिली. कानांपर्यंतही आली नाही.

"लहान होते हो आता," त्या म्हणाल्या. "टच-अप तुम्हाला जमत नसेल तर राहू दे. मी दुसरीकडे करून घेईन."

"नको," मी ओरडलेच. मग आवाज खाली आणला. "दुसरीकडे नको. माझ्याकडेच या. आपण लांबवू. जितकं लांबवता येईल तितकं लांबवू."

ती टोपी मी त्याच दिवशी जाळली. चौकटीवरची रेघ हलली नाही.

बाई आता दर महिन्याला येतात. मी क्रीम लावत नाही. तेल लावते, हलक्या हाताने विंचरते, कुरळे किती शोभतात ते सांगते. एक केसही ओढला जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरते. भिंगरी पडद्याआड गप्प बसून असते. हल्ली ती एका जागी बसते.

परवा त्या खुर्चीतून उठल्या आणि आरशात ओठ वर करून बघायला लागल्या.

"हिरडी शिवशिवतेय सारखी," त्या म्हणाल्या. "या वयात नवा दात येतो का हो, ताई?"