डावा हात

पेटीचा भाता फाटला, एवढंच निमित्त झालं. मढच्या भजनात चाळीस वर्षं पेटी वाजवणारे चांगदेवभाऊ ती जुन्या धोतरात बांधून एस.टी.नं जुन्नरला अजीज मिस्त्रींकडे आले. २००५ सालचा हिवाळा होता.

दुकानात सागाच्या भुशाचा वास भरला होता. भिंतीशी एक काळा, थोराड पियानो उभा होता.

"घोडेगावकडच्या डॉक्टरसायबांचा," मिस्त्री म्हणाले. "वाळवी लागलीवती. सायेब गेले, बाईबी गेल्या. लेक सोमवारी पुण्याला नेणार हाये. दोघं एकाच बाकड्यावर बसून वाजवायची बघा. सायेब उजवीकडं, बाई डावीकडं. हे आत सापडलं."

एक लवंगांची पुरचुंडी होती आणि एक पिवळी चिठ्ठी. चिठ्ठीत पट्ट्यांची चार चित्रं, प्रत्येकावर पेन्सिलीचे तीन ठिपके. वर लिहिलं होतं : 'हिच्यासाठी. डावा हात.'

भाऊंनी ठिपक्यांवरून सूर ताडले. सा-ग-प एकदम. मग ध-सा-ग. मग म-ध-सा. शेवटी प-नी-रे. भजनात असे तीन सूर एका मुठीत कधी धरले नव्हते. त्यांनी उजव्या हातानं चारही मुठी दाबून पाहिल्या. पहिलीत जणू घरात दिवा लागला. दुसरीत कुणाची तरी आठवण आली. तिसरीत ते माणूस वळणावर दिसलं, चौथीत दाराशी आलं, आणि पुन्हा पहिलीत घरात.

त्यांना चिमाबाई आठवल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, "देवाला रोज वाजवता. एकदा माज्यासाठी वाजवा की." तेव्हा ते नुसते हसले होते. आता साठी आली. रविवारी बाजाराला त्या जुन्नरला येणार होत्या. सोमवारी पियानो जाणार होता. म्हणजे रविवारी जमलं तर जमलं, नाहीतर राहिलंच.

मग ते रोज येऊ लागले. त्या मुठींवर जुळणारी एक चाल उजव्या हातात लगेच बसली. घोडं अडलं डाव्या हातापाशी. चाळीस वर्षं त्यानं भाताच हलवलेला. मुठी धरायला पट्ट्यांवर ठेवला, की आपला उठायचा आणि हवेत मागं-पुढं व्हायचा.

"आवो भाऊ, प्यानोला हवा लागत न्हाई!" मिस्त्री पोट धरून हसायचे.

घरी चिमाबाई विचारायच्या, "भाता शिवायला आठ दिस? बाळंत व्हायचाय का त्यो?"

रविवारी दिवेलागणीला दोघं दुकानात आली. वाटेत भाऊंनी चिमाबाईंना डॉक्टरसायबांची आणि बाईंची गोष्ट सांगितली होती. तेवढ्यात लाईट गेली. मिस्त्रींनी मेणबत्ती लावली आणि ते मगरिबच्या नमाजाला गेले.

"बस इथं, डावीकडं," भाऊ म्हणाले. "तुज्यासाठी वाजवतो."

चिमाबाई पदर सावरून बसल्या. भाऊंनी चाल धरली आणि डावा हात लागला की हवेत हलायला! चिमाबाईंना हसू आवरेना. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ऱ्हाऊ द्या त्याला इथंच. ह्येबी लई ग्वाड वाजतंय."

भाऊ एकाच हातानं वाजवत राहिले. मनात खट्टू झाले. एवढी धडपड केली आणि चाल अशी उघडीच राहिली...

तेवढ्यात खालच्या सुरांत, हळूच, सा-ग-प वाजलं.

लवंगेचा वास आला.

मेणबत्तीच्या उजेडात चिमाबाईंच्या पलीकडे तीन पट्ट्या खाली गेल्या होत्या. त्या उठल्या, दुसऱ्या तीन दबल्या.

"चिमे... तू दाबतीस?"

"म्या? माजे दोन्ही हात तर..." त्यांनी धरलेला हात वर करून दाखवला.

भाऊंचं बोट अडखळलं. खालची मूठही थांबली. वाट पाहत.

चिमाबाई कुजबुजल्या, "थांबू नका. किती दिसांनी बसल्या असतील बाई..."

भाऊंनी चाल पुन्हा धरली. चारही मुठी फिरून फिरून आल्या, न चुकता. अंगावर काटा होता, आणि दोघं हसत होती, नव्या नवरा-नवरीसारखी. चिमाबाईंचे डोळे भरून आले होते.

दारातून मिस्त्री ओरडले, "वा भाऊ! बसला की डावा हात!"



सोमवारी पियानो टेम्पोतून पुण्याला गेला. भाऊ दुरुस्त पेटी घेऊन घरी आले. संध्याकाळी सतरंजीवर बसून त्यांनी ती उघडली. डावा हात भात्यावर गेला, आपल्या जागी, सुखानं. उजव्यानं त्यांनी तीच चाल धरली. चिमाबाई शेजारी डावीकडं लसूण सोलत होत्या.

पहिल्याच ओळीला खालून सा-ग-प आलं. लसणाच्या वासात लवंग मिसळली.

 चिमाबाईंनी थोडं सरकून सतरंजीवर एका माणसाची जागा करून दिली.

भाऊंनी चमकून उजवा हात उचलला.

चाल थांबली नाही. उजवीकडच्या पट्ट्या आपापल्या दबत होत्या, थेट भाऊंच्या पुढ्यात.

चिमाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अवं... तुमीबी सरका जरा."

ते सरकले. डावा हात तेवढा भाता हलवत राहिला. थांबवायचा त्यांना धीर झाला नाही.