गाबोळीचा पाला

हर्षला तांडेलने खाडीतून तांब्या भरला आणि ती घटाघट प्यायली. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या या गावात याचं कोणाला नवल उरलं नव्हतं. विहिरी खारावल्यापासून प्रत्येकाच्या बरगडीखाली कल्लापट्टी होती. माशाच्या कल्ल्यातल्या मीठपेशी कातडीत रुजवल्या की त्या रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकत. सासू ते खरवडून लोणच्यात घालायची. घरच्या मिठाची चव वेगळी, म्हणे. पंचायतीने तर टँकरवाल्याला शाल-श्रीफळ देऊन कायमचं घरी पाठवलं होतं.

आज मात्र हर्षलाची पट्टी कोरडी ठणठणीत होती आणि पाय टम्म फुगले होते.

"पाचव्या महिन्यात सुजतातच," सासू म्हणाली.

"आये, जीभपण सुजते?"

पट्टी बनवणाऱ्या डॉ. मोहिते धावत आल्या. तपासून त्या सासऱ्यांकडे वळल्या. "पट्टी मीठ आत ओढतेय. गावभरच्या पट्ट्यांच्या पेशींसाठी मी समुद्रातले पाले मासे मागितले होते. तुम्ही कुठले दिलेत?"

"खाडीतले. गाबोळीने गच्च भरलेले," सासरे ताठ मानेने म्हणाले. "पाहुण्याला बिनअंड्याचा मासा देऊन अब्रू घालवू?"

डॉक्टर म्हणाल्या, "पाला समुद्रात खारं पाणी पितो, मीठ बाहेर टाकतो. अंडी घालायला नदीत चढतो, तेव्हा त्याच पेशी उलट्या चालतात, मीठ धरून ठेवतात. तुम्ही दिलेले मासे नदीच्या वाटेलाच लागलेले होते. हा बदल घडवणारं संप्रेरक गरोदर बाईतही वाढतं. पट्टीला वाटतंय, हर्षला नदीला निघालीय."

"मग काढा ती," नवरा जयेंद्र म्हणाला.

"रक्तवाहिन्यांत गुंतलीय. बाळंतपणाआधी हात लावता येणार नाही. आणि आता खाऱ्या पाण्याचा घोटही दोघांच्या जिवावर बेतेल."

जयेंद्रने टँकरवाल्याला फोन लावला. त्याने टँकर विकून रसवंती काढली होती.

हर्षला उठली. "होडी काढा."

"कुठे? तुझं माहेर तर दक्षिणेला!"

"पाल्याचं वर आहे, आये. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ना?"

भरतीबरोबर होडी निघाली. प्रत्येक वळणावर हर्षला बोट बुडवून चाटायची आणि थुंकायची. "चल पुढे." घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी "चल पुढे." शेवटी एका घाटापाशी ती थुंकली नाही.

कपडे धुणारी बाई उठून उभी राहिली. "कोणाकडे आलात?"

"नदीकडे. बाळंतपणाला."

बाईने कळशी पुढे केली. हर्षला ओंजळीने पीत राहिली. बाईची नजर मात्र पोटुशा बायका घेऊन मागून येणाऱ्या होड्यांच्या रांगेवर खिळली होती. गावातली लग्नसराई गेल्या वर्षी जोरात झाली होती.

"बाळंत झालात की सगळ्या परत जाल ना?"

"आम्ही जाऊ," हर्षला तोंड पुसत म्हणाली. "पाल्याची पिल्लं मात्र मोठी होईपर्यंत गोड्या पाण्यातच राहतात. तुमच्याकडे शाळा कितवीपर्यंत आहे?"