सात नंबरची रंगीत तालीम

शाळा उघडायला बारा दिवस उरले की आमच्या शिक्षण कार्यालयाला लग्नघराची कळा येते. जिन्यात रंगाचे डबे, कपाटांवर नव्या पुस्तकांचे गठ्ठे, आणि भांडारातले काका बाकं मोजताना मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून सुरू करतात. जो तो दुसऱ्याला विचारतो, ‘झालं का तुमचं?’ आणि उत्तर न ऐकताच पुढे पळतो. मला हे दिवस फार आवडतात. वर्षभर मरगळलेली माणसंसुद्धा या बारा दिवसांत शीळ घालत फिरतात.

या सगळ्या धांदलीतून शेवटी एक पान बाहेर पडतं, पालकांसाठीचं सूचनापत्र. नव्या वेळा, नवे वर्ग, पाण्याची नवी टाकी आणि अगदी तळाला बसचं वेळापत्रक. तो तळ माझा. कार्यालयात मला ‘सेकंदकाटा’ म्हणतात. वर्षातून दोन आठवडे गळ्यात स्टॉपवॉच घालून हिंडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मी मनावर घेत नाही.

आमच्याकडे बसची रंगीत तालीम होते. म्हणजे शाळा उघडण्याआधी रिकामी बस खऱ्या वेळी, खऱ्या रस्त्याने, खऱ्या थांब्यांवर थांबवत न्यायची. प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं, मुलं चढताहेत असं समजून तीस सेकंद थांबायचं, दार लावायचं. शाळेच्या फाटकाशी पुन्हा दार उघडायचं, की मुलं उतरली. मी पुढच्या सीटवर बसून वेळ टिपते. नुसतं टिपत बसायचा कंटाळा येतो, म्हणून मी प्रत्येक थांब्यावर दाराकडे तोंड करून ओरडते, “चढा, चढा! पुढे सरका!” आणि ड्रायव्हर ओरडतो, “मागे जागा आहे!” बाकी काही नाही, आमची आपली करमणूक.

या वर्षी मात्र सात नंबरच्या बसचं काम गमतीचं नव्हतं. दोन शाळा एक झाल्या, त्यामुळे ही बस आता लांबच्या शाळेत जाणार होती. नियम असा, की कोणतंही मूल बसमध्ये पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसता कामा नये. जास्त लागली तर सगळ्यात लांबचा थांबा कापायचा. सगळ्यात लांबचा थांबा म्हणजे खाण. दगडाची खाण कधीच बंद पडली, वस्ती तेवढी राहिली. थांबा कापला तर तिथली नऊ मुलं सोमवार ते शुक्रवार वसतिगृहात राहणार.

त्या नवांत सगळ्यात धाकटी भिंगरी. वय वर्षं सहा. एका जागी उभी राहत नाही, म्हणून भिंगरी. सात नंबरचे ड्रायव्हरकाका तिचे आजोबा. घरात आजी, आजोबा आणि ही. आजीने तिच्या कपड्यांवर वसतिगृहासाठी नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्या होत्या. काका सांगत होते, “दिवसा शिवते आणि संध्याकाळी उसवते. मी म्हटलं, अगं, दोऱ्याचा तरी विचार कर.” हे सांगताना ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत काही पोचलं नाही. मी मनात ठरवून टाकलं, हा थांबा मी कापू देणार नाही.

कागदावर हिशेब चोख होता. चव्वेचाळीस मिनिटं.

पहिल्या तालमीला सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही खाणीवरून निघालो. स्वच्छ ऊन, ओस रस्ते. “चढा, चढा!” “मागे जागा आहे!” काका तर “ए, खिडकीतून हात आत!” असंही ओरडले. पाचव्या थांब्यानंतर पाण्याच्या टाकीचा चढ लागतो. तिथे बस धापा टाकायला लागली. काकांनी तिसरा गिअर काढून दुसरा टाकला.

“रिकाम्या गाडीला दुसरा?” मी विचारलं.

“दमलीय,” काका म्हणाले. “सुट्टीत आळसावलीय तुमच्या कार्यालयासारखी.”

शाळेच्या फाटकाशी घड्याळ बघितलं. सेहेचाळीस मिनिटं वीस सेकंद.

दुपारी मेकॅनिकने बस खालून वरून तपासली. ब्रेक ठीक, स्प्रिंगचे पाटे ठीक, इंजिन ठणठणीत. तो स्वतः ती घेऊन टाकीच्या चढावर गेला आणि तिसऱ्या गिअरमध्ये शीळ घालत परत आला. “गाडीला काही झालेलं नाही,” त्याने काकांना डोळा मारला. “ड्रायव्हर तपासून घ्या.”

बुधवारी दुसरी तालीम. मी मुद्दाम सोबत लाकडी पट्टी घेतली होती. डेपोतच मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा मोजली; गाडीवर भार आला की ती कमी होते. चौदा सेंटिमीटर. मला अशा गोष्टी मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

खाणीवर दार उघडलं. “चढा, चढा!” मी म्हटलं. दाराशी पत्र्याची पायरी आहे, कोणी पाय ठेवला की ती करकरते. ती करकरली. मग पुन्हा. मी सीटवर होते, काका स्टिअरिंगवर. तीस सेकंदांत ती नऊ वेळा करकरली.

“पत्रा उन्हाने वाजतो,” मी म्हणाले.

काका “हं” म्हणाले. “मागे जागा आहे” म्हणायला ते विसरले.

चौथ्या थांब्यापर्यंत समोरची काच आतून धुरकटली. काकांनी फडक्याने पुसली, पुन्हा धुरकटली. बंद वर्गात भरपूर मुलं बसली की येते तशी ऊब बसमध्ये भरली होती. टाकीच्या चढाआधी मी खाली उतरले आणि पट्टी लावली. नऊ सेंटिमीटर. पट्टी उलटी तर धरली नाही ना, म्हणून पुन्हा लावली. नऊच.

शाळेच्या फाटकाशी काकांनी दार उघडलं. मी चाकाजवळ उभी होते. बस हळूहळू, एकेक ठोका घेत वर उठली. दहा, अकरा, साडेबारा, चौदा. समोर शाळेचं मैदान होतं. माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला आणि पुन्हा झाडांकडे वळला.

घड्याळात सेहेचाळीस मिनिटं बारा सेकंद.

आम्ही दोघं फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलो. काकांनी थर्मासमधला चहा ओतला. मी भराभर बोलत होते. टायरमधली हवा, सकाळचा दमटपणा, जुने पाटे. माझं सगळं बोलून झाल्यावर काका म्हणाले, “ताई, ती एकेचाळीस आहेत.”

“कोण?”

“पायरी वाजते ती मोजली. आपल्या यादीत किती मुलं आहेत?”

यादीत एकेचाळीस मुलं होती.

गुरुवारच्या तालमीला आमच्या अधिकारी बाई स्वतः आल्या. बाई कामाला वाघ आणि मनाने लोणी. येताना बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या आणि सबंध रस्ताभर आम्हाला खायला लावत होत्या. पायरी वाजली तेव्हा म्हणाल्या, “तेल घाला रे जरा.” काच धुरकटली तेव्हा स्वतःचा रुमाल दिला. चढावर बस रांगायला लागली तेव्हा पुडा बाजूला ठेवून माझ्या घड्याळाकडे बघू लागल्या. सेहेचाळीस मिनिटं पाच सेकंद.

“मला काय आनंद आहे का एवढीशी पोरं घराबाहेर पाठवायचा?” बाई म्हणाल्या. “पण नियम मी केलेला नाही. उद्या संध्याकाळी सूचनापत्र छापायला जाईल. उद्या सकाळी शेवटचं बघू.”

काका फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिले. आता यापुढचं जे झालं ते माझ्या डोक्यातून निघालेलं आहे, काकांच्या नव्हे. हे मी स्पष्ट सांगते.

“काका, उद्या दार उघडायचंच नाही,” मी म्हणाले. “नियम थांबायला सांगतो. तीस सेकंद थांबू. दार उघडायला कुठे सांगितलंय?”

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत होते. “आणि ती?”

“ती कोण? कोणी नाही काका. रिकामी बस आहे.”

“सकाळी सकाळी तयार होऊन येत असतील हो,” ते म्हणाले. “आपण बोलावतो ना रोज.”

“भिंगरीचा विचार करा,” मी म्हणाले.

हे बोलायला नको होतं. त्यांनी फडकं खिशात घातलं आणि मान डोलावली.

शुक्रवारी बाईंना मी सांगितलं, की धूळ फार येते, म्हणून आज दार लावूनच ठेवतो. “थांबा म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या आणि बिस्किटांचा दुसरा पुडा फोडला.

खाणीवर बस थांबली. मी ओरडले नाही. काका समोर रस्त्याकडे बघत राहिले. स्टॉपवॉचचे तीस सेकंद किती लांब असतात, ते मला त्या दिवशी कळलं. दाराच्या काचेवर बाहेरून वाफेचा एक गोल ठिपका उमटला, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. विरला. शेजारी दुसरा उमटला.

“निघा,” मी म्हणाले.

प्रत्येक थांब्यावर तसंच झालं. बाई कागद चाळत होत्या. बस मात्र वाऱ्यासारखी पळत होती. टाकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये असा पार केला, की बाईंनी टाळ्या वाजवल्या.

त्रेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद.

कार्यालयात एकच जल्लोष झाला. भांडारातल्या काकांनी बाकं मोजायचं सोडून मला खुर्चीवर उभं केलं आणि ‘सेकंदकाट्याचा विजय असो’ अशी घोषणा दिली. सूचनापत्राच्या तळाशी छापून आलं: बस क्रमांक सात, पहिला थांबा, खाण, सात वाजून दहा मिनिटं. आजीने सगळ्या पट्ट्या एका बैठकीत उसवल्या आणि मला फोन करून दोन वाक्यांनंतर रडायलाच लागली. मीही रडले. इतकं चांगलं काम माझ्या हातून वर्षानुवर्षं झालं नव्हतं. दाराच्या काचेवर राहिलेले त्या ठिपक्यांचे डाग मी ओल्या फडक्याने कधीच पुसून टाकले होते.

सोमवारी शाळा उघडली.

पहिला दिवस, म्हणून मीही बसमध्ये होते. खाणीवर नऊ मुलं रांगेत उभी, भांग पाडलेली, बूट चकाकणारे. आया हात हलवत होत्या. काकांनी दार उघडलं आणि मी न राहवून ओरडले, “चढा, चढा! पुढे सरका!”

भिंगरी सगळ्यात आधी चढली. पहिल्या दिवशी दप्तर नव्हतं, गळ्यात फक्त पाण्याची बाटली. तिने दोन पायांनी पायरीवर उडी मारली.

पायरी वाजली नाही.

तेल घातलं असेल, असं मला वाटलं. बाकीची आठ मुलं चढली. मग पुढच्या थांब्यावर पाच, त्यापुढच्या थांब्यावर सात. बसमध्ये काय गोंगाट! कोणाला खिडकी हवी, कोणाला मैत्रिणीजवळची जागा, दोघांची आधीच भांडणं जुंपलेली. एकेचाळीसच्या एकेचाळीस हजर.

समोरची काच लख्ख होती.

टाकीचा चढ आला. काकांचा हात दुसऱ्या गिअरसाठी गेला आणि तसाच थांबला. बस तिसऱ्यातच चढून गेली, मेकॅनिकने शीळ घालत नेली होती तशी. आरशात काकांची आणि माझी नजर भेटली. मागे मुलं एका सुरात कसलंसं गाणं म्हणत होती.

“ताई,” काका हळूच म्हणाले, “गाडी रिकामी चाललीय.”

मी मागे वळून बघितलं. एकही सीट रिकामी नव्हती.

फाटकाशी घड्याळाने त्रेचाळीस मिनिटं बावन्न सेकंद दाखवली. मी घाईने उतरून चाकाशी गेले आणि पट्टी लावली. चौदा. मुलं उतरू लागली. मी पट्टी धरूनच बसले होते. दहा उतरली, वीस उतरली, चाळीस उतरली.

चौदा.

भिंगरी सगळ्यात शेवटी राहिली. आजोबांनी उतरवून घ्यावं म्हणून पायरीवर हात पसरून उभी होती. काका बसला वळसा घालून आले, तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं.

भरलेली समजून रिकामी घागर उचलली की हात जसे वर उडतात, तसे त्यांचे हात उडाले. भिंगरी त्यांच्या डोक्याच्याही वर गेली.

ती खिदळली. “आजोबा, अजून एकदा!”

काकांनी तिला सावकाश खाली ठेवलं. मैदानावर वारा सुटला होता. त्यांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि दाबून धरले. शाळेची घंटा झाली, तरी त्यांनी ते उचलले नाहीत.