गार इंजिन बघायचं असतं

ती गाडीखाली होती. म्हणजे अगदी पूर्ण नव्हे… गुडघे सिमेंटच्या जमिनीवर, मफलर मानेभोवती गच्च, गाल जमिनीपासून वीतभर वर, आणि हातात एक छोटंसं चुंबक. लाल टू-सीटरच्या दाराखालच्या पत्र्यावरून ती ते हळूहळू सरकवत होती. एका जागी ते सटकन सुटलं आणि घरंगळत गाडीच्या पलीकडे गेलं.

पलीकडून एक हात आला. त्यानं चुंबक उचललं. मग हातामागून एक चेहरा खाली वाकला — तेलाचा डाग कपाळावर, केस डोळ्यांवर.

"तुमचं?"

"हो."

"आणि गाडी?"

"ती अजून तुमची आहे."

"मग बरं झालं हे पडलं ते. तिथे पत्रा नाहीच. गंजून गेला होता, कोणीतरी पुट्टी भरून वर रंग मारलाय."

ती उठून बसली. "हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता?"

"तुम्ही चुंबक घेऊन आलात. आता न सांगून काय करणार?"

दाराशी खुर्ची टाकून, पायांवर घोंगडी घेऊन बसलेले म्हातारे गृहस्थ तिथूनच म्हणाले, "पोरी, हा माझा भाचा. गाड्या विकायला ठेवलाय त्याला, आणि हा गिऱ्हाइकं परत पाठवतो."

त्यामुळे सगळे त्याला भाचेबुवाच म्हणत. मामांनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी जमवल्या होत्या, जुन्या गाड्या आणि सांधेदुखी. आता दुसरी पहिलीला हात लावू देईना, म्हणून गाड्या एकेक करून चांगल्या घरी द्यायच्या ठरल्या होत्या. भाचा आठवडाभर एका कचेरीत बसून नकाशे काढायचा आणि शनिवार-रविवार इथे यायचा. गाड्या ठेवलेली ही शेड पूर्वी बर्फाचा कारखाना होती. बर्फ जाऊन जमाना झाला, पण भिंतींना ते कोणी सांगितलं नसावं. बाहेर साधी थंडी असली तरी आत हाडं गोठायची.

"मग मी काय घेऊ?" तिनं विचारलं. लाल गाडीवरून तिची नजर हटत नव्हती. काय ती वळणं, काय ते गोल दिवे… आणि किंमतही अशी, की तिच्या साठवलेल्या पैशांत बसून वर थोडं उरावं.

"स्वस्तातली देखणी गाडी सगळ्यात महाग पडते," तो म्हणाला. "साधी घ्या, पण धडधाकट घ्या. जिचे सुटे भाग मिळतात अशी. या, दाखवतो."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक बाटलीसारख्या हिरव्या रंगाची गाडी होती. लांब पल्ल्याच्या प्रवासाची, चार माणसांची, कापडी टपाची. रंग उडालेला, सीटच्या चामड्याला सुरकुत्या.

"ही म्हणजे आजोबांची चप्पल आहे," ती म्हणाली.

"असू दे. चप्पल चालते तरी. तो लाल जोडा चावेल तुम्हाला."

तिनं चुंबक लावलं. दाराखाली, चाकांच्या वर, डिकीच्या कडेला… सगळीकडे ते टक् करून चिकटलं. तिला हसू आलं आणि तिनं ते लपवलं. भाचेबुवांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

पुढच्या शनिवारी ती परत आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. कधी चटया उचलून तळाचा पत्रा बघायला, कधी टप उघडतो-मिटतो का ते बघायला, आणि एकदा तर मागच्या वेळी छत्री राहिली म्हणून. छत्री तिच्या हातातच होती, पण मामांनी मनावर घेतलं नाही.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायची, 'हे जास्त स्पष्ट, की हे?' ती सवय इथेही सुटेना.

"लाल, की हिरवी?" ती विचारायची.

"हिरवी."

"हिरवी उघडी, की टप लावून?"

"उघडी."

"उघडी आणि मी चालवताना, की तुम्ही?"

यावर भाचेबुवा फडक्यानं आधीच लखलखणारा दिवा पुसायला लागायचे.

एका शनिवारी दोघं गाडीत नुसतीच बसली होती. बाहेर धुकं होतं. ती ओंजळीत फुंकर मारून बोटं चोळत होती.

"गाडी बाबांसाठी हवीय," ती म्हणाली. "ते ड्रायव्हिंग शिकवायचे. अख्खं आयुष्य शेजारच्या सीटवर, पायाखाली वेगळा ब्रेक. अर्धं गाव त्यांनी शिकवलं, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. लग्नानंतर त्यांच्या मालकांनी अशीच एक उघडी गाडी चार दिवसांसाठी दिली होती. आई म्हणायची, चार दिवस केस विंचरलेच नाहीत मी…" ती थांबली. "आई आता नाही. आणि बाबा निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे गिअर ऐकत असतात. कोणी चुकीचा टाकला की नुसते 'च्' करतात. त्यांना पुन्हा एकदा त्या गाडीत बसवायचंय मला."

भाचेबुवा तिच्या लाल झालेल्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले.

ठरलं. रविवारी सकाळी बाबांना आणायचं, आणि ते हो म्हणाले की गाडी घरी न्यायची.

बाबांचा नियम एकच होता. तो त्यांनी जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक शिष्याला सांगितला होता. "सुरू करून दाखवतील, चकरा मारून दाखवतील, भुलायचं नाही. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गार इंजिन बघायचं असतं. आपण यायच्या आधीच कोणी गाडी गरम करून ठेवली असेल, तर गार असताना ती सुरू होत नाही असं समजायचं आणि वळायचं."

त्या सकाळी दव इतकं, की शेडच्या पत्र्यावरून थेंब गळत होते. हिरवी गाडी धुऊनपुसून दारात उभी. शेजारी भाचेबुवा, धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांचे डोळे मऊ झालेले तिनं पाहिले. मग त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

तळहात तिथेच राहिला.

"गरम आहे," ते शांतपणे म्हणाले.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनंही हात लावला. ऊब, चांगली भाकरीच्या तव्यासारखी.

"तुम्ही आधी सुरू केली होती?" तिनं विचारलं.

"हो… थोडा वेळ."

"का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाला. "थंडी होती म्हणून."

"थंडीतच तर बघायची असते, भाचेबुवा," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. "चल गं, बाळ."

ती चालू लागली. वळून बघायचं नाही असं ठरवून चालली, आणि वळणावर वळून पाहिलंच. तो तसाच उभा होता, बॉनेटवर हात ठेवून, स्वतःचाच ताप बघत असल्यासारखा.

तो आठवडा तिला जाता जाईना. गाडी गेली याचं वाईट वाटत होतंच. पण पुट्टी दाखवणारा माणूस खोटा निघावा? मग इतके शनिवार आपण काय बघत होतो? दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ती, स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वासच उडाला. बाबा तर पुन्हा खिडकीत जाऊन बसले होते, आणि आता 'च्' सुद्धा करत नव्हते.

शुक्रवारी दुपारी तिनं तपासणीच्या अंधाऱ्या खोलीचा पडदा सरकवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. खुर्चीत भाचेबुवा येऊन बसले.

"काय त्रास होतो?" तिनं कोरड्या आवाजात विचारलं.

"समोरचं माणूस निघून जाताना दिसतं."

"हनुवटी इथे टेकवा. बोलू नका."

"हनुवटी टेकवली तर बोलता कसं येईल… आणि मी बोलायलाच आलोय."

तिनं काच बदलली. समोरच्या भिंतीवर अक्षरं उजळली. "वाचा."

"त्या शनिवारी तुमची बोटं गारठून लाल झाली होती," तो अक्षरांकडे बघत म्हणाला. "स्टिअरिंग बर्फासारखं असतं त्या शेडमध्ये. वाटलं, तुम्ही बसाल तेव्हा ऊब असावी. म्हणून लवकर येऊन, इंजिन सुरू करून हीटर लावून ठेवला. इंजिन गार बघतात हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्या दिवशी आठवलंच नाही. मामा म्हणाले, असला गाढव विक्रेता त्यांनी आजवर पाहिला नाही."

तिचा हात काचेवर तसाच थांबला होता.

"मग बाबांसमोर का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमच्या मुलीच्या हातांसाठी गाडी तापवली, असं?"

तिला हसू येऊ घातलं. तिनं ते परतवलं. "विकणारे गोडच बोलतात."

"बोलतात. म्हणून माझं ऐकू नका." त्यानं खिशातून किल्ली काढून काचांच्या ट्रेमध्ये ठेवली. "गाडी तुमच्या घराच्या दाराशी लावून आलोय. रात्रभर दवात राहू दे. सकाळी तुम्ही दोघं बघा. मी आसपास नसेन. गार असताना ती जरा कुरकुरते, ते आत्ताच सांगून ठेवतो. नाहीच पटली तर किल्ली मामांकडे द्या… मी पुन्हा तुमच्या वाटेत येणार नाही."

दाराशी जाऊन तो थांबला. "डोळे कसे आहेत माझे?"

"चांगले आहेत," ती म्हणाली, आणि मग घाईनं, "म्हणजे, नंबर नाही."

रात्री तिनं बाबांना त्याचं सगळं म्हणणं सांगितलं. सकाळी गाडीवर दवाची साय धरली होती. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून खिशात घातला. सवयीनं ते शेजारच्या सीटवर बसले. तिनं चोक ओढला, किल्ली फिरवली.

खर्र… खर्र… आणि काही नाही.

पुन्हा तेच. खर्र, आणि शांतता. बाबांचा पाय त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता. आता हिनं दगा दिला, तर गाडी जाणार, आणि गाडीबरोबर…

"घाई करू नको," बाबा हळूच म्हणाले. "झोपेतून उठवतेयस तिला. चोक अर्धा आत घे. हं. आता."

गाडी एकदा खोकली, थरथरली, आणि मग असा भरदार, गोलसर आवाज लागला की समोरच्या घराची खिडकी उघडली. बाबा मान तिरपी करून ऐकत राहिले. कितीतरी वेळ.

"गाडी खरी आहे," शेवटी ते म्हणाले. "कुरकुरते म्हणाला होता, तेवढीच कुरकुरली." मग तिच्याकडे न बघता, "माणूसही खराच दिसतोय. जरा खुळा आहे. पण असल्या खुळाला इलाज नसतो, माझ्याही नव्हता."

शेडपर्यंत तिनं चालवली. भाचेबुवा दारात मामांच्या खुर्चीशेजारी उभे होते. आवाज त्यांनी वळणापासूनच ओळखला असावा, कारण फडकं हातातून गळून पडलं होतं आणि ते उचलायचं भान नव्हतं.

ती उतरली. दार उघडं धरून म्हणाली, "बाबा, या. आता तुम्ही चालवा."

बाबांनी स्टिअरिंगला हात लावला, नीट, दोन्ही बाजूंनी, पहिल्या धड्यात शिकवायचे तसा. टप खाली गेला. ती पुढे बसायला वळली, तेव्हा ते म्हणाले, "तू मागे बस, बाळ. भाचेबुवा, तुम्हीही मागेच बसा." जरा थांबून, शेजारच्या रिकाम्या सीटवरून त्यांनी हळुवार हात फिरवला. "इथे आज कोणी नको."

मामांनी घोंगडीतून हात बाहेर काढून निरोप दिला.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, वर धुतल्यासारखं आभाळ, आणि वारा असा की तिच्या केसांनी भाचेबुवांचं तोंड झाकून टाकलं. त्यांनी ते बाजूला केले, फार सावकाश. मग तिच्याकडे वाकून ते काहीतरी म्हणाले.

"काय?" ती म्हणाली. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून.

पुढून, आरशातून एकदाच बघत, बाबा म्हणाले, "आवडतेस असं म्हणतोय तो. दुसऱ्यांदा. हो म्हण आणि नीट बसा दोघं… पुढे वळण आहे."