‘स्कूल नाइट’ची हरवलेली टेप

येसेनिया बारिएंतोस दुकानात आली तेव्हा डेल कोवालिक जुन्या रेकॉर्डींवरची धूळ पुसत होता. तिनं नाव सांगितलं आणि त्याचा हात जागीच थांबला.

"मिसेस प्रूइट नावाच्या तपासनीस इथेच वर बसतात ना?" तिनं विचारलं. "काम वडिलांचं आहे. टिनो बारिएंतोस. तुम्ही ओळखत असाल."

डेल ओळखत होता. आर्लिंग्टनच्या पंक संगीतवाल्यांमध्ये टिनोला न ओळखणारा कुणी नव्हता आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणाराही कुणी नव्हता. त्याला कारण बऱ्याच अंशी डेलच होता. तो तिला जिन्यानं वर घेऊन गेला.

ऑडेसा प्रूइटबाईंनी तीस वर्षं विमा कंपनीसाठी खोट्या आगी पकडल्या होत्या. आता वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्या स्वतःची कामं घेत. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि डेलकडे गाडी होती. दोघांच्या भागीदारीचा पाया एवढाच.

"बाबांना डॉक्टरांनी महिना दिलाय," येसेनिया म्हणाली. "ते चोर नाहीत, हे त्यांच्या जिवंतपणी सिद्ध व्हायला हवं. नंतर केलेल्याचा त्यांना काय उपयोग?"

"चोरी कशाची?"

"एका टेपची. सत्तावीस वर्षांपूर्वीची."

बाईंनी डेलकडे पाहिलं. "सांगा. तुमचा चेहरा मघापासून काहीतरी सांगतोच आहे."

डेलनं सांगितलं. १९८१ साली चार शाळकरी पोरांनी ‘स्कूल नाइट’ नावाचा हार्डकोर पंक बँड काढला. दीड-दीड मिनिटाची गाणी, चर्चच्या हॉलमध्ये आणि कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये कार्यक्रम. कुठल्या बारमध्ये वाजवलंच, तर या पोरांना दारू मिळू नये म्हणून बारवाला त्यांच्या हातांवर काळ्या फुल्या मारायचा, आणि पोरं त्या फुल्या पदकासारख्या मिरवायची. नऊ महिन्यांत त्यांनी पंधरा गाणी रेकॉर्ड केली. टेप सोमवारी रेकॉर्डी छापायला जायची होती. रविवारी ती नाहीशी झाली. शेवटची टिनोच्या हातात होती. बँड त्याच आठवड्यात फुटला.

"आणि ही बातमी गावभर केली कुणी?"

"मी," डेल म्हणाला. "‘फ्यूज’ नावाचं माझं झेरॉक्स पत्रक होतं. पहिल्या पानावर छापलं, की टिनोनं टेप कॅलिफोर्नियाच्या रेकॉर्ड कंपनीला विकली."

"त्याला विचारून छापलंत?"

"तेव्हा कोण कुणाला विचारत होतं, बाई?"

येसेनिया त्याच्याकडे बघत राहिली. बाईंनी काम घेतलं.

ब्रॅडी व्हेलन पूर्वी ‘स्कूल नाइट’चा गायक होता, मंचावरून खाली उड्या मारायचा. आता तो एका शाळेचा मुख्याध्यापक होता आणि जिन्यात पळणाऱ्या मुलांना दम द्यायचा. त्याच्या कपाटावर पुठ्ठ्याचा एक चौकोनी खोका होता. लाल-काळ्या रंगात त्यावर पंधराही गाण्यांची नावं रंगवलेली.

"टेपचा खोका," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळं हातानं व्हायचं. कव्हरं आम्हीच कापायचो, आम्हीच चिकटवायचो. खोका रंगवायला मी शनिवारी घरी आणला. रविवारी परत घेऊन गेलो, तर आत ठेवायला टेपच नाही."

"टिनोवरच संशय का?"

"शनिवारी सगळ्यांत शेवटी तो निघाला. शिवाय मोठ्या कंपनीकडे जाऊ या म्हणून तो महिनाभर मागे लागला होता. आणखी काय पाहिजे?"

"त्या कंपनीनं तुमचं एक तरी गाणं कधी बाजारात आणलं?"

ब्रॅडीनं खोका उगीचच सरळ केला. "नाही."

"सत्तावीस वर्षांत कुणीच नाही?"

"नाही. पण गेली ती गेलीच ना. आमच्या गिटारवाल्यानं मरेपर्यंत टिनोचं नाव तोंडातून काढलं नाही. टिनो माझा जिवाभावाचा मित्र होता, बाई. राग मलाच जास्त आला."

रेकॉर्डिंग जिथं झालं होतं ते तळघर अजून होतं आणि मालक हॉलिस व्हॉसही होता. दाढी पांढरी, कानांना कमी ऐकू यायचं. त्याची ती भली मोठी मशीनं तशीच होती. भिंतीवर एक लाकडी फळी होती.

"ही सार्वजनिक फळी," हॉलिस म्हणाला. "नव्या टेपा पोरांना परवडायच्या नाहीत. ज्याला नको असेल त्यानं जुनी इथं ठेवायची, ज्याला पाहिजे त्यानं उचलायची आणि तिच्यावरच पुन्हा रेकॉर्ड करायचं. खोक्यावर नाव असेल तर हात लावायचा नाही. नाव नसेल तर ती सगळ्यांची."

"त्या आठवड्यात तुम्ही कुठे होतात?"

"ओहायोला. बहिणीचं लग्न होतं. शनिवारी दुपारीच निघालो, नऊ दिवसांनी आलो. किल्ली विटेखाली असायची. सगळ्यांना माहीत होतं. काय रे डेल?"

डेल भिंतीवरची जुनी पोस्टरं वाचण्यात गुंग होता. त्यानं नुसती मान हलवली.

बाईंनी एक रीळ उचललं. टेपच्या बाहेरच्या टोकाला कागदाची लाल पट्टी होती. "हे काय?"

"लाल म्हणजे शेवट. पांढरी पट्टी म्हणजे सुरुवात, ती आत असते. वाजवून झाली की टेप मागं गुंडाळायची नाही, तशीच शेवट बाहेर ठेवून द्यायची. घाईनं गुंडाळली की ती खराब होते. ज्याला शिकवलं तो तसंच करायचा."

"टिनोला शिकवलं होतंत?"

"त्याला एकट्यालाच. बाकीच्यांना कुठे धीर होता?"

टिनो इस्पितळात उशीला टेकून बसला होता. बोलिव्हियातून आलेल्या आईबापांचा हा मुलगा एके काळी बेस गिटार गुडघ्यापर्यंत लोंबकळती ठेवून सगळ्या हॉलला हलवायचा. आता त्याच्या मनगटावर घड्याळसुद्धा राहत नव्हतं. येसेनियानं आणलेली साल्तेन्या, म्हणजे त्यांच्याकडची खिम्याची करंजी, त्यानं तशीच बाजूला ठेवली होती. डेलला पाहून त्याचा चेहरा बदलला.

"हा इथं कशाला?"

"गाडी यांची आहे," बाई म्हणाल्या.

"मग गाडीतच बसू दे."

डेल दारातच उभा राहिला. आत जायची त्याला हिंमत झाली नाही आणि बाहेरही जाववेना.

"शनिवारी मी टेप शेवटपर्यंत ऐकली," टिनो म्हणाला. "हॉलिसनं शिकवलं होतं तशीच काढली. आतल्या पांढऱ्या पट्टीवर बँडचं नाव मी आधीच लिहिलं होतं. खोका ब्रॅडीकडे, म्हणून एका कोऱ्या खोक्यात घातली आणि फळीवर ठेवली. सगळ्यांना हेच सांगितलं. कुणी ऐकलं नाही. त्यांनी फळीवर शोधली तेव्हा तिथं नव्हती."

"टेप पूर्ण भरली होती?"

"नाही. शेवटी बरीच कोरी राहिली."

"गाणी सुरू करून कोण द्यायचं?"

इतक्या वेळात टिनो पहिल्यांदाच हसला. "मी, स्पॅनिशमध्ये आकडे मोजून. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. ब्रॅडीला ताल कधी जमलाच नाही."

परतताना गाडीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "डेल, तुमचाही बँड होता ना?"

"‘बेसमेंट फ्लड’. एकच रेकॉर्ड निघाली, चार गाण्यांची. तिचा शेवट मात्र लोकांना अजून आवडतो. गाणी संपल्यावर बारा सेकंद एक विचित्र आवाज येतो, आणि अगदी शेवटी चार उचक्या. कॉलेजची पोरं येऊन विचारतात, हे सुचलं कसं म्हणून."

"कसं सुचलं?"

"सुचलं कुठलं? टेप संपत आली तरी आम्ही वाजवतच होतो. थांबलो, तर टोकाला जुनं काहीतरी उरलं होतं. मजेशीर वाटलं, राहू दिलं."

"मूळ टेप आहे अजून?"

"आहे की. माझी एकुलती एक इस्टेट."

"शनिवारी सकाळी सगळ्यांना दुकानात बोलवा," बाई म्हणाल्या. त्या नेहमी डेलला चिडवत. त्या दिवशी उरलेल्या रस्त्यात त्यांनी त्याला एकदाही चिडवलं नाही.

शनिवारी येसेनिया, ब्रॅडी आणि हॉलिस आले. डेलनं सगळ्यांना कॉफी दिली.

"विकलेली वस्तू कधीतरी बाजारात येते," बाईंनी सुरुवात केली. "ही आली नाही. मग मी चोर शोधणं सोडून दिलं आणि टेप कुठं गेली असेल ते शोधू लागले. टिनो म्हणतात, फळीवर ठेवली. ते खरं धरलं तर काय होतं? खोका ब्रॅडींनी रंगवायला नेलेला, म्हणून टेप बिननावाच्या खोक्यात. आणि त्या फळीवर बिननावाचं ते सगळ्यांचं."

ब्रॅडीनं कप खाली ठेवला.

"हॉलिस गावाला गेलेले, किल्ली विटेखाली. रविवारच्या आत कुणीतरी आलं आणि ती उचलली. त्यानं बाहेरच्या टोकावर नाव पाहिलं असेल. नव्हतं, नाव आतल्या टोकावर होतं. थोडी लावून पाहिली असेल. नुसती खरखर, कारण बाहेर आलेला शेवटचा भाग कोराच होता. म्हणजे टेप रिकामी, असं समजून त्यानं शेवटाकडूनच आपलं रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल पट्टीचा अर्थ फक्त टिनोला शिकवलेला होता."

"कुणी उचलली?" ब्रॅडीनं विचारलं.

"शेवटाकडून सुरू केलेलं रेकॉर्डिंग जवळजवळ सगळी टेप खाऊन गेलं, तर सगळ्यांत शेवटी काय उरेल? जुन्या टेपची सुरुवात. आणि ती उलटी वाजेल. डेल, तुमची रेकॉर्ड लावा. शेवट."

डेलनं रेकॉर्ड लावली. बारा सेकंद तो विचित्र आवाज झाला आणि चार उचक्या. बाईंनी यंत्र बंद केलं, सुई तिथंच राहू दिली आणि तबकडीवर बोट टेकून ती सावकाश उलटी फिरवली.

उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. अठरा वर्षांच्या टिनोचा आवाज, थोडा डुगडुगणारा, पण त्याचाच. मग ड्रम, आणि ब्रॅडीची अर्धी ओळ.

येसेनियानं तोंडावर हात दाबला. ब्रॅडी उठून खिडकीपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"टेप आणा," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

डेलनं तिजोरीतून रीळ आणलं. बाहेर लाल पट्टी होती. इतकी वर्षं ती त्याला शोभेची वाटत होती. हॉलिसनं ते रीळ हातानं उलगडत नेलं. टेप जमिनीवर पडत राहिली. अगदी आत, गाभ्याला, पांढरी पट्टी निघाली. तिच्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, ‘स्कूल नाइट’. अक्षर टिनोचं.

"शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो होतो," डेल म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटत होता. "तासभर वाजवलं. नंतर टेप हरवल्याचं कळलं, तेव्हा मी सगळ्यांबरोबर ती शोधायला गेलो. माझ्या बॅगेत होती ती."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण छापण्याआधी टिनोला एकदा विचारलं असतंत, तर त्यांनी कोऱ्या खोक्याचं सांगितलं असतं, आणि तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं."

पंधरा गाणी डेलनं स्वतःच्या हातानं पुसली होती, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला दिली होती. हे चूक म्हणून सोडून देता येईल असं त्याला वाटेना. त्यानं गाडीची किल्ली घेतली.

इस्पितळात येसेनिया दाराबाहेर थांबली. डेल आत गेला, खुर्चीवर न बसता उभ्यानंच सगळं सांगितलं.

"ती तुझी रेकॉर्ड," टिनो म्हणाला, "मी कधी ऐकलीच नाही. तुझं नाव होतं ना तिच्यावर. नाहीतर पहिल्या दिवशीच ओळखलं असतं."

"टिनो, मला—"

"थांब. तुला एक सांगू? गेल्या काही वर्षांत माझा मलाच भरवसा वाटेनासा झाला होता. वाटायचं, एवढी सगळी माणसं म्हणतायत, तर मीच घरी नेली असेल आणि कुठंतरी हरवली असेल. फळीवर ठेवल्याचं मीच मनानं रचलं असेल."

डेलला रडू आवरेना. टिनोनं त्याला रडू दिलं.

"मला माफ कर," डेल म्हणाला.

"ते नंतर बघू. आधी पोरीला आत बोलाव. माझ्यासमोर तिला सांग, की तिचा बाप खरं बोलत होता."

डेलनं दार उघडून येसेनियाला आत घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.