यादीतून वगळलेलं

काम अगदी साधं होतं. घर विकलं गेलं होतं, सह्या झाल्या होत्या, फक्त किल्ल्या द्यायच्या राहिल्या होत्या. आणि शहराच्या मध्यभागात घरांच्या व्यवहारात लॉफ्टवाल्या बाईंचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं. लॉफ्ट म्हणजे जुन्या ट्रंका टाकायचा पोटमाळा नव्हे बरं का. या भागातले कारखाने बंद पडले, तेव्हा त्यांचे मोठमोठे हॉल कापून उंच छताची घरं केली गेली, त्यांना हे नाव पडलं. बाईंचं लहानपण याच गल्ल्यांत गेलेलं. एका वळणावर साबणाचा वास यायचा, पुढच्या वळणावर रंगाचा, आणि पाचचा भोंगा झाला की रस्ताभर माणसंच माणसं. ते सगळं पुढे बाईंनीच तुकड्यातुकड्यानं विकलं. कधी कधी त्यांना स्वतःचाच राग यायचा. मग फोन वाजायचा, आणि राग विसरून त्या नव्या गिऱ्हाइकाला खिडक्यांची उंची सांगू लागायच्या.

तिसऱ्या मजल्यावरचं हे घर एका म्हाताऱ्या कटिंग मास्तरांचं. इथे शर्टांचा कारखाना होता तेव्हा ते कापड कापायचे, आणि समोरच्या शिवणाऱ्या बायकांच्या रांगेत त्यांची बायको मशीनवर बसायची. तिथेच दोघांचं जुळलं. कारखान्याची घरं झाली तेव्हा दोघांनी आयुष्याची पुंजी घालून नेमका तोच तुकडा घेतला. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आता मास्तर लेकीकडे राहायला निघाले होते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात.

घर विकताना एक यादी करावी लागते. घरासोबत काय राहणार आणि विकणारा काय नेणार, याची. पंखे, पडद्यांच्या दांड्या, ओट्याखालची कपाटं. मला काही नको, दोन पिशव्या पुरेत, असं मास्तर तेव्हा म्हणाले होते. म्हणून बाईंनी आपलं नेहमीचं वाक्य ठोकून दिलं होतं: आत जे काही आहे ते सर्व घरासोबत राहील.

दुपारी चारला बाई पोचल्या. घेणारं जोडपं खाली गाडीला जागा शोधत होतं. मास्तर पिशव्या खाली ठेवून दाराशी उभे होते, पण त्यांचा पाय निघत नव्हता. आत सगळं रिकामं, भिंतींना ताजा रंग. त्या रंगाच्या वासाखालून दुसराच एक वास येत होता. मशीनच्या तेलाचा, गरम इस्त्रीचा. भिंतीत मुरला असेल, बाईंनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात खिडकीपाशी काहीतरी वाजलं. टकटकटकटक... थांबलं. पुन्हा टकटक... शिलाई मशीन चालल्यासारखं. खिडकीखाली उन्हाचा चौकोन पडला होता, आणि त्यात नुसती फरशी होती.

"काका, हे..."

"ही आहे," मास्तर हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली, रोज या वेळेला बसते. तिच्यामुळे तर राहिलो मी. आज म्हटलं, चल, पोरीकडे जायचंय. तर उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते."

"का?"

"तुमचा कागद आहे ना, ताई. आत जे काही आहे ते सर्व... मी न वाचता सही केली. मी हिलासुद्धा विकून बसलो."

आजवर बाईंनी गळके नळ निस्तरले होते, भांडखोर शेजारी निस्तरले होते. हे पहिल्यांदाच होत होतं. किल्ल्या टाकून सरळ पळत सुटावं असं वाटलं त्यांना. पण मास्तर असे बघत होते की पळवेना.

जोडपं वर आलं. यादीत एक ओळ घालायची राहून गेली, दोन्हीकडच्या सह्या लागतील, असं बाईंनी हसऱ्या तोंडानं सांगितलं. आता लिहायचं काय? मेलेल्या बाईचं नाव लिहिलं असतं तर जोडप्यानं जिन्यातच व्यवहार मोडला असता. शिवाय कागदात कुठे फट ठेवायची नाही, ही धंद्यात मुरलेली सवय. बाईंनी लिहिलं: जुन्या कारखान्याचं इथे जे जे उरलं असेल, ते सर्व विकणारे आपल्यासोबत नेतील. भंगार जातंय तर बरंच, असं म्हणून जोडप्यानं सही केली.

"चल गं," मास्तर म्हणाले.

टकटक थांबली. काहीतरी गार बाईंच्या हाताला घासून दाराबाहेर गेलं, आणि मास्तरांचा चेहरा असा उजळला की बाईंना रडूच आलं. भीतीचं नव्हे. इतकी वर्षं सोबत राहिलेलं माणूस सुटलं नाही, याचं. लिफ्टमध्ये मास्तर एकटेच शिरले, तरी वजन जास्त झाल्याचा लाल दिवा लागला. जुनी लिफ्ट, अशीच करते. ते हसून जिन्यानं उतरले.

संध्याकाळी सातला त्यांच्या लेकीचा फोन आला. बाबा सुखरूप पोचले, एवढं सांगून ती घुटमळली.

"ताई, बाबांबरोबर कोण कोण निघालं होतं?"

"का गं?"

"तासभर झाला, दार धरून उभे आहेत. लावू देत नाहीत. एकेकीला नावानं हाक मारून आत घेतायत... मला दिसत कोणीच नाही. पण घरात हलायला जागा उरली नाहीये, ताई. मी भिंतीला चिकटून बोलतेय." ती दम घेत राहिली. "मी विचारलं, आल्या का सगळ्या? तर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ही सकाळची शिफ्ट. रात्रीची अजून जिन्यात आहे."